तुइपाचच्या दवाखान्याचं पश्चिमेचं दार

मी, रविकांत विश्वनाथ हिरुळकर, वय शहात्तर, जन्म आर्वीचा, नोकरी विदर्भभर, घर नागपूरला आणि मुक्काम सध्या डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकन येथे मुलाच्या घरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. लिहिताना कोणी माझ्या डोक्याशी उभं नाही. कोणी गोड बोलून काही लिहवून घेत नाही. गोड बोलणं या घरात नोव्हेंबरपासून बंदच आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. वकीलबाईंनी त्याचा डॉक्टरी दाखला मागितला. करोनामुळे डॉक्टरांनी फोनवरच तपासलं. आज वार कोणता ते विचारलं, मी सांगितलं. स्मरणशक्ती कशी आहे म्हणाले, तेव्हा मी सातवीतली एक अख्खी कविता चालीवर म्हणून दाखवली. त्यांना मराठीचा गंध नाही, पण माणूस सभ्य, शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकलं आणि दाखला दिला.

यापूर्वी नागपूरला केलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. कायद्याला लागेल ती इंग्रजी प्रत वकीलबाईंनी वेगळी केली आहे. ही मराठी प्रत माझा मुलगा इंद्रनील याच्यासाठी, कारण तिकडे नुसतं काय कोणाला ते लिहिलंय, का ते लिहिलेलं नाही.

कारण एका शब्दात सांगायचं तर किळस. वयाची नाही, मरणाचीही नाही. सुशिक्षित, नीटनेटक्या, भल्या समजल्या जाणाऱ्या माणसांची. त्यात माझा मुलगा आला, म्हणून हा कागद.

कलम पहिले. देहाबद्दल. मला इथेच अग्नी द्यावा. राख कुठे न्यायची याचा घोळ घालू नये. ऑनलाइन शोकसभा घेऊ नये. 'हातभार मंडळ, डब्लिन' या इथल्या मराठी मंडळींच्या संस्थेच्या कोणीही माझ्याबद्दल दोन शब्द बोलू नयेत. त्यांचे दोन शब्द किती लांबतात ते मी ऐकलंय.

कलम दुसरे. लोखंडी शेगडी.

ही शेगडी आज आमच्या पुढच्या दाराशी आहे. सूनबाई स्वरूपा हिने तिला हिरवा रंग देऊन तीत जिरेनियम लावलंय. येणारे-जाणारे तिचं कौतुक करतात. ती काय आहे ते एकालाही ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

माझी बायको विभावरी हिची ही शेगडी. इंद्रनीलच्या वेळी आर्वीत बाजेखाली हिचाच शेक होता. ओवा, बाळंतशोपा, वर सुंभाची बाज, आणि आई व पोर दोघंही कोवळ्या धुरात. खोलीला जो वास यायचा तो मला अजून येतो. मी दाराबाहेर बसून कविता म्हणायचो, आतून विभावरी ओरडायची, अहो, पोर झोपलंय. तेव्हा माझा पगार कमी होता आणि कविता पुष्कळ पाठ होत्या. असो.

नात केतकी झाली तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदा आयर्लंडला आलो. विभावरीने शेगडी बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणली होती. विमानतळावर तिने ती स्वयंपाकाची म्हणून खपवली. तिसऱ्या दिवशी तिने वरच्या खोलीत शेक पेटवला आणि घरातले सगळे धुराचे भोंगे एकदम बोंबलू लागले. शेजारच्या नोराबाई, म्हणजे निवृत्त नर्स नोरा, पायात सपाता तशाच धावत आल्या. आम्हाला वाटलं, आता पोलीस. बाईंनी खिडकी उघडली, शेगडीपाशी उकिडव्या बसल्या आणि हात शेकत म्हणाल्या, "हे मी कितीतरी वर्षांनी बघतेय. माझ्या डोंगरातल्या बायका हेच करतात."

नोराबाईंचा डोंगर म्हणजे ग्वातेमालाच्या पश्चिमेकडचा. माया लोकांपैकी माम नावाचे लोक तिथे राहतात. गाव तुइपाच. नोराबाईंनी तरुणपणी तिथे मिशनच्या दवाखान्यात नोकरी केली. तो दवाखाना मोडला, त्यानंतर गावाला काहीच नव्हतं. अडलेल्या बाईला झोळीत घालून डोंगर उतरावा लागे. तिथे घरोघर 'चूख' असते: दगडमातीची बुटकी खोली, आत चूल, तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडून केलेली वाफ. बाळंतिणीला सुईण त्यात घेऊन बसते, पोट चोळते, पोराला न्हाऊ घालते. चूख नाही तिथे बाळंत व्हायचं नाही, बाईच्या अंगात थंडी भरते, ही तिथली समजूत. विभावरी ऐकून म्हणाली, समजूत कसली, बरोबरच आहे.

तेव्हा तुइपाचला नवा दवाखाना बांधायची कल्पना मंडळाच्या सभेत सुचलेली नाही. ती या शेगडीच्या धुरात सुचली. मंडळाच्या अहवालात मूळ प्रेरणा म्हणून अध्यक्षांचा फोटो आहे.

शेगडी इंद्रनीलला. जिरेनियमचं काय करायचं ते कलम पाचव्यात.

कलम तिसरे. ओळंबा, पाणसळ आणि दोन थाप्या. माझी हत्यारं एवढीच उरली आहेत. ती तुइपाचच्या गवंड्याला पाठवावीत.

मी सरकारी बांधकाम खात्यात होतो. मेळघाटात, गडचिरोलीकडे प्राथमिक आरोग्य केंद्रं बांधली. त्यातल्या कितीकांच्या बाळंतपणाच्या खोलीत पुढे खताची पोती रचलेली मी पाहिली आहेत, कारण वरून आलेला नकाशा गावाकडे पाठ करून असे. म्हणून विभावरी गेल्यावर मी इकडे राहायला आलो आणि मंडळाने दवाखाना बांधायचं मनावर घेतलं, तेव्हा नकाशा मी काढतो म्हणालो. २०२० च्या जानेवारीत नोराबाईंबरोबर तुइपाचला गेलो. मुलाने तिकीट काढून दिलं, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

जागा अशी. पश्चिमेला वस्ती आणि वर येणारी पायवाट. पूर्वेला दरी. ईशान्य कोपऱ्यात एका झाडाखाली गावाची जुनी सामाईक चूख. मी पश्चिमेला दार काढलं, बाळंतपणाची खोली चुखीच्या अंगाला ठेवली आणि मधे छपराची पडवी दाखवली, म्हणजे बाई पावसात न भिजता वाफेत जाईल. नर्स आत, सुईण बाहेर, आणि मधे दार.

तिथल्या सुईण दोन्या मार्सेला, दोन्या म्हणजे तिकडचं 'बाई', माझ्यापेक्षा थोड्या लहान असतील. तोंडाळ बाई. नकाशा बघून त्यांनी फरशी गुलाबीच पाहिजे म्हणून हट्ट धरला आणि मिळेपर्यंत सोडला नाही. दुपारी मी पाया आखताना गुणगुणायचो. त्यांनी नोराबाईंना विचारलं, हा म्हातारा कोणाला शिव्या देतो? कविता आहे कळल्यावर म्हणाल्या, मग शिव्याच बऱ्या, त्या लवकर संपतात. पण रोज संध्याकाळी चहासारखं काहीतरी गोड गरम घेऊन त्याच यायच्या आणि म्हणायच्या, म्हण तुझं. तिथे पाइनच्या लाकडाचा धूर दरीत उतरायचा, आणि मला आमचे गुरुजी दिसायचे, छडीने टेबलावर ताल धरून शार्दूलविक्रीडित म्हणून घेणारे. इतक्या लांब येऊन मला माझी शाळा सापडली. मार्चच्या सुरुवातीला आम्ही परतलो, पाया भरला होता. मग सगळं जग बंद झालं.

मी एकदा मार्सेलाबाईंना शेगडीचं सांगितलं, जमिनीवर आडवा होऊन बाज दाखवली. त्या पोट धरून हसल्या. मग विचारलं, "तुमच्या मंडळातल्या सगळ्यांच्या आया अशाच शेकल्या?" मी म्हटलं, सगळ्यांच्या. त्या म्हणाल्या, "मग बरं. आपलीच माणसं आहेत." हे वाक्य मंडळाने भिंतीवर कोरायला हवं होतं.

कलम चौथे. माझं होकायंत्र, काच तडकलेलं, काटा चांगला, मंडळाचे अध्यक्ष गिरीशराव यांना.

गिरीशराव एका औषधाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. बोलतात सायन्सवर. लॉकडाऊनमध्ये घरी बसून त्यांनी माझा नकाशा पुण्याच्या आपल्या वास्तुतज्ज्ञाला दाखवला. मग जूनमध्ये ऑनलाइन सभा घेतली. त्यांचं म्हणणं मी ऐकलं तसं देतो. दार पश्चिमेला नको, पूर्वेला हवं, लक्ष्मी पूर्वेने येते. ईशान्य म्हणजे देवाची, पाण्याची दिशा. तिथे ती चूख म्हणजे ईशान्येत अग्नी, फार मोठा दोष, देणगीदारांनाही लागेल. ती पाडून तिथे पाण्याची टाकी घ्यावी. मी म्हटलं, गिरीशराव, पूर्वेला दरी आहे, लक्ष्मीला पंख आहेत का? आणि अग्नी आग्नेयेला चालतो ना, मग तिथे नवी चूख बांधा. तर आग्नेयेला बाग आणि देणगीदारांच्या नावांची शिळा ठरलेली होती.

त्यावर ते जे बोलले ते शब्दशः, कारण याहून घाणेरडं वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. "दादा, तसंही ते वाफबीफ म्हणजे अंधश्रद्धा आहे. आपण सायन्सची माणसं, आपण असल्या गोष्टींना कसं उत्तेजन द्यायचं?"

एका दमात. ईशान्येचा दोष आणि सायन्स, एकाच तोंडातून, मधे घोटभर पाणीही न पिता. स्क्रीनवरच्या चौकोनांत सगळे मान डोलवत होते. त्यांतल्या प्रत्येकाच्या बायकोला शेक-शेगडी झालेली. डिंकाचे लाडू तर पार्सलने आलेले. एकट्या पद्मिनीने, ती मागच्या गल्लीत राहते, विरोधात हात वर केला आणि म्हणाली, माझ्या बाळंतपणात आईने मला शेकलं होतं, मी पण अंधश्रद्धाळू का? मी पुन्हा बोलू लागलो. तेव्हा मंडळाचा सचिव, खालच्या खोलीत बसलेला माझा मुलगा, म्हणाला, "बाबा, तुम्ही म्यूट व्हा ना प्लीज, लोक वैतागतायत." आणि त्याने गिरीशरावांच्या बाजूने हात वर केला. ज्या पोराच्या अंगाला त्या शेगडीचा धूर लागला होता, त्याने.

जुलैत चूख पाडली. कंत्राटदाराने फोटो पाठवला आणि सात-आठ जणांनी ग्रुपवर शाबासकीचे अंगठे पाठवले.

होकायंत्र त्यांना एवढ्यासाठी, की त्यात आठही दिशा आहेत. माणसं कुठून येतात ते त्यात दिसत नाही, ते बाहेर उभं राहून बघावं लागतं.

कलम पाचवे. हेच खरं मृत्युपत्र, बाकीचं सामान.

नोव्हेंबरात दवाखान्याचं ऑनलाइन उद्घाटन झालं. दार पूर्वेला, दरीवर. पायवाटेने आलेल्या गरोदर बाईने उत्तरेच्या भिंतीला हात लावत, अरुंद कडेवरून अख्ख्या इमारतीला वळसा घालून आत जायचं. आत स्टीलचं टेबल, सलाइन, रक्तदाबाचं यंत्र, एक चांगली नर्स, गुलाबी फरशी. कॅमेऱ्यात झेंडूच्या माळा फार छान दिसल्या. बायका गोळ्यांना येतात, पोरांच्या खोकल्याला येतात. बाळंत व्हायला एकही येत नाही. चूख नाही तिथे बाळंत व्हायचं नाही, हे मी सांगितलं होतं. विभावरीने न बघता ओळखलं होतं.

डिसेंबरात मार्सेलाबाईंची भाची रोसा घरी, आपल्या चुखीपाशी बाळंत झाली. मूल झालं, रक्त थांबेना. दवाखाना हाकेच्या अंतरावर. नर्सला बोलावणं गेलं, ती सलाइन घेऊन तो कडेचा वळसा घालून, पळत पोहोचली. रोसा गेली होती. पोर आहे, मुलगी.

नोराबाईंना मार्सेलाबाईंचा आवाजी निरोप आला. नोराबाई कुंपणापाशी उभ्या राहून मला वाक्य-वाक्य इंग्रजीत सांगत होत्या, मधेच थांबत होत्या. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. "कवितावाल्या म्हाताऱ्याला सांग, दवाखाना ग्रँड आहे. फक्त त्यात बायका येत नाहीत."

मी हे जेवताना घरात सांगितलं. स्वरूपाने ताट बाजूला सारलं. इंद्रनील म्हणाला, पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बघू. आणि जानेवारीत मंडळाचा वार्षिक अहवाल आला, मुखपृष्ठावर त्या रिकाम्या स्टीलच्या टेबलाचा फोटो, वर हार, खाली 'सुरक्षित मातृत्व'. मी तो अहवाल बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकला, कागदाच्या नव्हे, खरकट्याच्या.

म्हणून माझी इच्छा अशी. नागपूरचा फ्लॅट, धंतोलीतला, विकावा. इंद्रनीलला त्यातलं काही नाही. ते सगळं तुइपाचला जाईल, हातभार मंडळाच्या खात्यातून न जाता, नोराबाई सांगतील त्या तिथल्या गावसमितीकडे. त्यातून दवाखान्याच्या पश्चिमेच्या भिंतीत दार काढावे. ईशान्येची टाकी हलवून, जिथे चूख होती तिथेच चूख बांधावी, मार्सेलाबाई म्हणतील त्या मापाची. मधे पडवी. माझं वा विभावरीचं नाव कुठेही घालू नये. गुलाबी फरशी उखडू नये, बाईने ती फार हट्टाने मिळवली आहे.

आणि ती पश्चिमेची भिंत इंद्रनीलने स्वतः फोडावी. गवंडी पहार त्याच्या हातात देईल. त्याने निदान तेवढं भगदाड पाडावं की पलीकडची पायवाट दिसेल. पुढचं गवंडी करील. त्या दिवशी शेगडीतलं जिरेनियम काढून बागेत लावावं आणि शेगडी घासून केतकीच्या खोलीत ठेवावी. तोपर्यंत तिला हात लावू नये. फुलं लावून झाकलेली तशीच बरी, आपल्या सगळ्यांसारखी.

कलम सहावे. स्वरूपाला विभावरीच्या पाटल्या. तिने ताट बाजूला सारलं ते मी पाहिलं. हिरव्या रंगाबद्दल माफ.

कलम सातवे. नात केतकी हिला माझ्या पाठ असलेल्या सगळ्या कविता. त्या छापील पुस्तकांत सापडतील, पण माझ्या चालीवर सापडणार नाहीत, म्हणून मी जिवंत आहे तोवर तिने रोज थोडा वेळ माझ्याकडे येऊन त्या ताब्यात घ्याव्यात. ती मराठीत ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. परवा मी म्हटलं, हे भुजंगप्रयात आहे, सापासारखं चालतं. तर ती म्हणाली, आजोबा, आयर्लंडमध्ये साप नाहीत. तिच्या तोंडून ती पहिली ओळ मात्र खाली-वर हेलकावत, या देशाच्या पावसासारखी आडवी आली, आणि मला ती आवडली.

कलम आठवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पद्मिनीने करावी, कारण तिने हात वर केला होता. ही तिने मान्य केलेली जबाबदारी आहे. तिला यातून काही मिळणार नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनातलाच आहे, आणि याखाली साक्षीदारांच्या देखत सही करीत आहे. करोनाच्या नियमांत घरात कोणाला घेता येत नाही, म्हणून नोराबाई आणि पद्मिनी दोघी आमच्या मागच्या बागेत, अंतर राखून, कोट घालून उभ्या आहेत. नोराबाईंना मराठी येत नाही. कायद्याला त्यांनी सही पाहिली एवढं पुरतं. शेगडी आहे ना यात, एवढंच त्यांनी विचारलं.

सहीपूर्वीची पुरवणी. मी पेन उचललं तेव्हा इंद्रनील स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आला. त्याने आत टेबलावर हे पाचवं कलम वाचलं होतं. थंडीत नुसत्या शर्टावर उभा राहिला. म्हणाला, "बाबा, भिंत मी फोडीन. पण तुम्ही गेल्यावरच कशाला?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस. मी म्यूट आहे." पद्मिनी हसली नाही. तोही हसला नाही. मग त्याने विचारलं, पहार तिथे मिळते ना, की इथून न्यायची?

त्याच्या बोलण्यावर माझा अजून विश्वास नाही. हात त्याने याआधीही वर केलाय. म्हणून हे मृत्युपत्र फाडत नाही, फक्त एक ओळ वाढवतो, इंग्रजी प्रतीतही ती घालतो: प्रवास खुला झाल्यावर, माझ्या हयातीत, पश्चिमेच्या दारातून एक तरी बाई बाळंत व्हायला आत गेली असं मार्सेलाबाईंनी स्वतःच्या तोंडाने कळवलं, तर कलम पाचवे रद्द समजावे आणि फ्लॅट इंद्रनीलला द्यावा. मंडळाचा अहवाल पुरावा म्हणून चालणार नाही.

ठिकाण: ल्यूकन, घराची मागची बाग
दिनांक: १४ मार्च २०२१, रविवार

सही: रविकांत विश्वनाथ हिरुळकर

आम्ही दोघी एकाच वेळी हजर असताना त्यांनी सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार १: नोरा गॅलाहर, निवृत्त नर्स, शेजारचं घर
साक्षीदार २: पद्मिनी साठवणे, मागची गल्ली